ओढ्याला हात लावण्याआधी कोणाला विचारायचे?

शहरात पाणी घरांत शिरले की पुढचे काही आठवडे एकच वाद चालतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने काठ सोडले आणि शहर परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तो झाला. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हाही तोच झाला. एक पक्ष म्हणतो, ओढे, नाले आणि तलाव यांत कसलाही बदल करण्याची परवानगी देणेच बंद करा. दुसरा म्हणतो, परवानग्यांच्या जंजाळात आधीच सगळी कामे अडकली आहेत, आणखी नियम नकोत. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: परवानगी कशाला लागते, ती कोण देतो आणि कोणत्या कसोटीवर देतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हे गृहीतच खरे नाही, आणि म्हणून नियम कडक असावेत की सैल हा वाद दरवेळी अधांतरी राहतो. माझे म्हणणे असे की, जलप्रवाहात फेरफार करण्यासंबंधीची सार्वजनिक माहिती स्पष्ट, नकाशाला जोडलेली, मराठीत आणि प्रशासनाला बांधून घेणारी अशी ऑनलाइन उपलब्ध करणे ही नागरिकांवर उपकार म्हणून द्यायची सोय नव्हे. ती नियमनाची पहिली पायरी आहे, आणि ती गाळून पुढच्या पायऱ्या चढण्याचा प्रयत्न आपण करत आलो आहोत.

आज ही माहिती कशी विखुरलेली आहे ते पाहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २०नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ, त्यांवर कोणाची खासगी मालकी सिद्ध नसेल तर, राज्य शासनाचे आहेत; म्हणजे विषय महसूल खात्याचा. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ जमिनीवरील अभियांत्रिकी कामांनाही ‘विकास’ मानतो; म्हणजे विषय नियोजन प्राधिकरणाचा. पूररेषा आखण्याचे काम जलसंपदा खात्याकडे आहे. १९८९च्या परिपत्रकापासून पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा या कल्पना वापरात आहेत. लहान तलाव आणि बंधारे शंभर हेक्टर सिंचनक्षमतेपर्यंत जिल्हा परिषदेचे, त्यापुढचे जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याचे. पाणथळ जागांचे केंद्रीय नियम २०१७ साली आले, पण त्यांतून नदीपात्रे आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत. आपल्याकडचे बहुसंख्य गावतलाव याच कारणांसाठी बांधलेले असल्याने, पाणथळ जागेचा कायदा आपल्या तलावाला लागू होतो असे समजून लढणाऱ्या गावकऱ्यांची अनेकदा सुरुवातीलाच निराशा होते. खाडीजवळ सागरी किनारा नियमनाचे आणखी एक दालन उघडते. हे सगळे कागद सार्वजनिक आहेत, बहुतेक संकेतस्थळांवरही आहेत. पण शासन निर्णय एका जागी, विकास आराखडा दुसऱ्या जागी, गावनकाशा तिसऱ्या जागी आणि पूररेषा चौथ्या जागी असेल, तर उपलब्ध असूनही ती माहिती सामान्य माणसाच्या हाती लागत नाही.

ओढ्यात बदल करणारे सगळे एकाच माळेचे मणी नसतात, हेही आपल्या चर्चेत सुटून जाते. पलीकडच्या शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी ओढ्यात पाइप टाकून वर मुरूम पसरणारा शेतकरी, नाल्याकडेची माती खचते म्हणून संरक्षक भिंत बांधणारी गृहनिर्माण संस्था, तलावाच्या कडेला भराव घालून समाजमंदिर उभारणारी ग्रामपंचायत, भूखंडाच्या मधून जाणारा नाला कडेला वळवणारा बांधकाम व्यावसायिक आणि नाल्यावर स्लॅब टाकून रस्ता करणारी महापालिका, हे पाचही जण प्रवाहात बदल करतात. यांतल्या शेतकऱ्याला आपण परवानगी लागणारे काही करतो आहोत याची कल्पनाही नसते, आणि त्याला दोष देता येत नाही. गेल्या दशकात जलयुक्त शिवारसारख्या योजनांतून शासनाने स्वतः गावोगावी नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण केले. ती कामे तांत्रिक मान्यतेने झाली, पण गावाने पाहिले ते एवढेच की जेसीबी आला आणि नाला खोल झाला. मागे झालेली पाहणी, आराखडा, मान्यता यांतले काहीच लोकांसमोर मांडले गेले नाही. मग नाल्याचे रूप बदलायला कोणाला विचारावे लागत नाही, असा समज पक्का झाला तर त्यात नवल काय?

या भूमिकेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप प्रथम घेतो, कारण तो बहुतांशी खरा आहे. नाले बुजवणारे लोक अडाणी नसतात, असे म्हणतात. त्यांच्याकडे वास्तुविशारद असतात, वकील असतात, कार्यालयांत फिरणारे मध्यस्थ असतात. नियम त्यांना अधिकाऱ्यांपेक्षाही चांगले माहीत असतात. प्रश्न अज्ञानाचा नसून इच्छाशक्तीचा आणि संगनमताचा असेल, तर उत्तम संकेतस्थळाने काय साधणार? मोठ्या भरावांच्या बाबतीत हे म्हणणे मला मान्य आहे. पण मार्गदर्शन केवळ अर्जदारासाठी असते, हे यामागचे गृहीतक मला मान्य नाही. नाला वळवला की त्याचा भोग खालच्या अंगाच्या वस्तीला येतो. त्या वस्तीतल्या माणसाला समोर चाललेले काम परवानगीचे आहे की नाही, परवानगी असेल तर किती रुंदीचा आणि किती खोलीचा छेद मंजूर झाला आहे, हे त्याच दिवशी पाहता आले तर तो त्याच दिवशी तक्रार करू शकतो. आज त्याला माहिती अधिकारात अर्ज करून उत्तराची वाट पाहावी लागते, आणि उत्तर येईपर्यंत भराव दाबून वर पाया घातलेला असतो. संगनमत टिकते ते गुप्ततेच्या आधाराने. मार्गदर्शनाचा खरा वाचक अर्जदाराइतकाच त्याचा शेजारी आहे, खालच्या अंगाचा रहिवासी आहे आणि उद्या त्या जागेवर सदनिका घेणारा ग्राहक आहे.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण दिलेल्या सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे कोणाला मिळाली याचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा आहे, आणि त्यासाठी कायद्याने एकशेवीस दिवसांची मुदत घालून दिली होती. ती मुदत चालू असतानाच २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीत वर्षानुवर्षे झालेले फेरफार साऱ्या देशाला दिसले. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक तरतूद होती: सखल जमिनीतून जाणाऱ्या आणि ठळक काठ नसलेल्या लहान प्रवाहाला आयुक्तांनी ठरवलेल्या मार्गाने आणि ठरवलेल्या छेदाने मर्यादित करण्याची किंवा वळवण्याची परवानगी आयुक्त देऊ शकत. तरतूद म्हणून ती अवाजवी नाही. शहरात अशी वेळ येते. पण अशा किती परवानग्या दिल्या, कोणत्या भूखंडांवर दिल्या आणि कोणता छेद ठरवून दिला, याची यादी नकाशासह लोकांसमोर असती, तर मिठीवरचा वाद निदान मोजमापांच्या आधारावर झाला असता. तरतुदीतला विवेकाधिकार अपरिहार्य होता. तो कसा वापरला गेला हे झाकून ठेवणे मात्र मुळीच अपरिहार्य नव्हते.

दुसरा आक्षेप पर्यावरण जपणाऱ्यांकडून येतो, आणि तो प्रामाणिक आहे. परवानगी मिळवण्याचा रस्ता सोपा करून दाखवला, तर फेरफार ही नेहमीची गोष्ट होईल, अर्ज वाढतील आणि ओढे अधिक वेगाने जातील, ही त्यांची भीती आहे. चांगले मार्गदर्शन म्हणजे अर्ज भरण्याचे सोपे पान एवढाच अर्थ घेतला तर ती खरी ठरेल. म्हणूनच त्याची सुरुवात मनाईपासून व्हायला हवी. निळ्या रेषेच्या आत काय कधीच चालणार नाही, दोन रेषांच्या मध्ये कोणत्या अटींवर काय चालेल, नाल्याच्या काठापासून किती मीटर मोकळे सोडायचे, हे पहिल्याच पडद्यावर, गट क्रमांक टाकताच दिसले पाहिजे. अनेक अर्ज त्यामुळे केलेच जाणार नाहीत. नदीकाठी भूखंड घेणारा माणूस आज व्यवहार झाल्यानंतर पूररेषेबद्दल ऐकतो. एकदा पैसे गुंतले की तो नियमाचा शत्रू होतो आणि सवलतीसाठी लोकप्रतिनिधीचे दार ठोठावतो. व्यवहाराआधीच रेषा दिसली असती तर त्याने दुसरी जागा शोधली असती. स्पष्ट मनाईने ओढा वाचतो तो असा.

तिसरा आक्षेप अभियंत्यांचा. प्रत्येक प्रवाह वेगळा, असे ते म्हणतात. पाणलोट किती, उतार किती, खालच्या अंगाला काय आहे, माती कोणती यांवर निर्णय ठरतो. एका पानावर सर्वांना लागू पडेल असे उत्तर कसे देणार? आणि दिले, तर एखादा शेतकरी त्या भरवशावर लहान पाइप टाकून वरच्या शिवारात पाणी तुंबवील, त्याला जबाबदार कोण? हा मुद्दा पूर्णपणे मान्य करून मला एवढेच विचारायचे आहे की, उत्तर सर्वांना सारखे देता येत नसले तरी प्रश्न सर्वांना सारखे का देता येऊ नयेत? पाणलोटाचे क्षेत्र, प्रवाहाचे वरचे आणि खालचे छेद, अपेक्षित महत्तम विसर्ग (पुराच्या वेळी वाहून येणाऱ्या पाण्याचे सर्वाधिक प्रमाण), खालच्या अंगाची पहिली मोरी किंवा पूल आणि त्याची क्षमता: निर्णय करणारा अभियंता पाहतो त्या या गोष्टी. त्या आधीच सांगितल्या, तर अर्ज तीनदा परत येणार नाही आणि मध्यस्थाची गरज कमी होईल. कामांची प्रतवारीही करता येते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अकरा हजारांहून अधिक सरोवरे आहेत, आणि त्यांत किंवा प्रवाहांत बदल करायचा तर १९९४च्या पर्यावरण कायद्याच्या स्वतंत्र भागाखाली परवाना लागतो. तिथे किरकोळ कामे, ठरावीक नमुन्याची कामे आणि स्वतंत्र छाननीची मोठी कामे असे वर्ग केलेले आहेत, आणि राज्याचे खाते व संघराज्याचे लष्करी अभियंता दल या दोहोंसाठी एकच संयुक्त अर्ज चालतो. इंग्लंडमध्येही मोठी नदी असेल तर एक यंत्रणा आणि लहान ओढा असेल तर स्थानिक यंत्रणा, असा आपल्यासारखाच गोंधळाचा मामला आहे. पण कोणता प्रवाह कोणाकडे, हे नकाशावर पाहता येते. आपला पाऊस वेगळा, आपली शेते लहान, आपल्या वस्त्या दाट, त्यामुळे त्यांचे निकष उचलून आणणे चूक ठरेल. मात्र ‘कोणाला विचारायचे’ या प्रश्नाला पावसाच्या प्रमाणाशी काही देणेघेणे नाही.

येथे एक जुना दाखला आठवतो, तोही पुणे जिल्ह्यातलाच. पेशवाई संपल्यावर दख्खनेत शेतसारा ठरवण्यासाठी १८२०च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने एक पाहणी केली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, अशी ती अतिशय सूक्ष्म योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसली असेल, पण तिचे गणित शेतकऱ्याला कळण्यासारखे नव्हते, खालच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासता येत नव्हत्या. गैरव्यवहार माजला, आकारणी पेलेना आणि योजना कोसळली. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. जमिनीचे मोजके वर्ग, प्रत्येक शेताला कायमचा क्रमांक, तीस वर्षांसाठी ठरलेली आकारणी. विंगेटची पद्धत शेतकऱ्याच्या कल्याणासाठी नव्हती, महसुलासाठी होती, आणि तिचे पुढे झालेले दुष्परिणाम मी नाकारत नाही. तरीही नियम जितका गुंतागुंतीचा आणि अपारदर्शक, तितकी तो लावणाऱ्याची सत्ता मोठी, हे त्या दोन पाहण्यांच्या तुलनेतून स्वच्छ दिसते. सर्व्हे नंबर आणि गावनकाशे त्याच परंपरेतून आपल्याकडे आले. आपल्या कित्येक ओढ्यांची अधिकृत खूण आजही त्या नकाशांवरची रेघच आहे.

या रेघेवरूनच चौथा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत अडचणीचा वाटतो. हे नकाशे जुने आहेत, ओढ्यांनी पात्रे बदलली आहेत, काही ठिकाणी माणसांनी ती बदलली आहेत. आंबील ओढ्याचा प्रवाह तर पेशवेकाळातच वळवला गेला होता. चुकीची रेघ ऑनलाइन टाकली तर चूक अधिकृत होईल, नसलेल्या नाल्यापायी एखाद्याची जमीन अडकेल आणि असलेला नाला नकाशावर नाही म्हणून बुजवला जाईल. ही भीती खरी आहे. पण माहिती न देण्याची किंमत काय असते हे हैदराबादेत दिसले. तिथे २०२४ साली स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ यंत्रणेने तलावांच्या पूर्ण संचय पातळीच्या (तलाव पूर्ण भरल्यावर पाणी पोहोचते त्या रेषेच्या) आतली बांधकामे पाडायला घेतली, तेव्हा आमच्याकडे स्थानिक संस्थेची परवानगी आहे, नोंदणीकृत खरेदीखत आहे, असे सांगणारी कुटुंबे रस्त्यावर आली. अनेक तलावांच्या सीमा अंतिमपणे अधिसूचित व्हायच्याच होत्या. म्हणून अपुरा नकाशाही प्रसिद्ध करावा, मात्र तो कच्चा आहे की अंतिम, कोणत्या वर्षीच्या मोजणीवर आधारलेला आहे आणि त्यावर हरकत कोणाकडे घ्यायची, हे प्रत्येक रेघेबरोबर लिहावे. नकाशावर ओढा नसणे म्हणजे जमिनीवर ओढा नसणे नव्हे, हेही तिथेच ठळकपणे सांगावे. लोकांच्या हरकती हीच नकाशा सुधारण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे, कारण पावसाळ्यात पाणी कुठून वाहते हे गावाला माहीत असते.

संकेतस्थळावरचा मजकूर ‘केवळ माहितीसाठी’ असल्याची तळटीप टाकून खाती हात झटकतात, तेव्हा मात्र सगळा खटाटोप वाया जातो. ज्या उत्तराला उत्तर देणाराच बांधील नाही, त्यावर नागरिकाने विसंबावे कसे? सातबाऱ्याचा अनुभव येथे उपयोगी आहे. तो संगणकावर दिसू लागला तेव्हा त्यावरही कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही अशी सूचना होती, आणि लोकांना तलाठ्याच्या सहीसाठी जावेच लागे. २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तेव्हा कुठे ती सेवा खऱ्या अर्थाने ऑनलाइन झाली. खेड्यातल्या माणसाला हे जमणार नाही, असे तेव्हाही म्हटले गेले होते. तो सेवा केंद्रात जाऊन उतारा काढू लागला. जलप्रवाहांच्या बाबतीतही प्रत्येक उत्तरावर तारीख, आवृत्ती आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असावे. त्यावर विसंबून सद्भावाने केलेल्या कामामुळे पुढे पुराचा धोका आढळला, तर काम काढावे लागेल, पण त्या माणसावर दंड किंवा फौजदारी कारवाई होऊ नये आणि काढण्याचा खर्च चुकीचे उत्तर देणाऱ्या यंत्रणेने सोसावा. एवढे बंधन आले की उत्तरे आपोआप काळजीपूर्वक लिहिली जातील.

सुरुवात राज्यभर एकदम करण्याचा आग्रह धरू नये. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे समाविष्ट झाली. या पट्ट्यात डोंगरउतारावरून येणारे ओढे आहेत, शेतजमिनींचे बांधकामात रूपांतर वेगाने होते आहे आणि ग्रामपंचायत, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) व महापालिका यांच्यात अधिकारांची अदलाबदल झाल्याने कोणाला विचारायचे हा प्रश्न इथे सर्वांत जास्त धारदार आहे. या गावांचे गावनकाशे ‘महाभूनकाशा’ या शासकीय संकेतस्थळावर आहेत आणि जलसंपदा खात्याने आखलेल्या पूररेषा आहेत. ते एकाच नकाशावर आणून, ज्या लहान ओढ्यांना पूररेषाच नाही ते वेगळ्या रंगाने दाखवून, या हद्दीत आजवर नाला वळवण्याच्या, बंदिस्त करण्याच्या आणि संरक्षक भिंतींच्या जेवढ्या परवानग्या दिल्या त्या गट क्रमांकासह त्यावर टिपाव्यात, आणि पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई सुरू होण्याआधी तो नकाशा प्रत्येक गावात हरकतींसाठी लावावा.